पंडिता रमाबाई : दुःखातून लाभलेले बळ

बारामतीहून आगगाडीने दौंडास येऊन पुण्याच्या बाजूस वळले, म्हणजे पाटस व कडेठाण ही स्थानके मागे पडल्यावर केडगाव लागते. नगरजवळ याच नावाचे दुसरे एक गाव आहे. त्याच्याशी याची गल्लत होऊ नये. बारामती-इंदापूरकडील आमचे कित्येक विद्यार्थी व त्यांचे पालक या स्थानकावरून पुण्यास अनेकवार गेले असतील. परंतु या स्थानकापासून थोड्याच अंतरावर एका विदुषीने आपल्या आयुष्याचा उत्तरार्ध वेचला, हजारो निराधार स्त्रियांस व मुलांस आश्रय दिला आणि तेथेच देह ठेवला, ही गोष्ट सर्वांच्याच ध्यानी असते असे नाही. ती विदुषी म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांच्या विद्वत्तेविषयी व समाजसुधारणेच्या कार्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात आम्हांस विशेषेकरून पाहावयाचे आहे ते हे, की एकामागून एक दुःखाचे डोंगर कोसळत असताना या बाईंना उभे राहण्याचे बळ कोठून मिळाले, आणि त्या बळाचे त्यांनी केले काय.

हा विषय आम्ही निवडला त्यास कारण आहे. आमच्या वर्गात दर वर्षी एखादे तरी मूल असे असते, की ज्याच्या घरचे छत्र अकस्मात हरपले आहे. अशा मुलास समजावताना श्रद्धा ठेव, सर्व ठीक होईल, असे आपण वडीलधारी माणसे सहज बोलून जातो. रमाबाईंचे चरित्र वाचल्यावर हे वाक्य इतक्या सहजपणे तोंडून निघत नाही.

या कथेत दुष्काळ वारंवार येतो, आणि दुष्काळ म्हणजे काय हे आपल्या भागास निराळे सांगावे लागत नाही. केडगाव, बारामती हा सारा मुलूख पूर्वी भीमथडी तालुक्यात मोडत असे, आणि भीमथडी व इंदापूर हे पुणे जिल्ह्याचे कायमचे अवर्षणग्रस्त भाग. सन १८७६-७७ च्या दुष्काळाने येथील गावे ओस पाडली. ज्या नीरा डाव्या कालव्यावर आज आपल्याकडील ऊस डोलतो, त्याचे काम त्याच आपत्तीत लोकांच्या हातांस काम मिळावे म्हणून हाती घेण्यात आले. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून व सुकडी खाऊन दिवस काढलेली माणसे आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजी-आजोबांच्या रूपाने आहेत अथवा होती. त्यांस पुढील हकीकत ऐकीव वाटणार नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दक्षिण भागात, गंगामूळ नावाच्या अरण्यस्थानी झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे व्युत्पन्न ब्राह्मण होते. तरुणपणी पुण्यात असताना आपले गुरू पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवितात हे त्यांनी पाहिले, आणि स्त्रियांसही ही विद्या दिली पाहिजे असा त्यांचा निश्चय झाला. पत्नी लक्ष्मीबाई हिला त्यांनी संस्कृत शिकविले. त्या काळी हे मोठेच धाडस होते. जातभाईंचा रोष झाला, तेव्हा शास्त्रीबोवांनी अरण्याचा आश्रय केला. परंतु आल्यागेल्याचे आतिथ्य व तीर्थवासियांची सरबराई यांत होती नव्हती ती मिळकत संपली, आणि रमा अवघी काही महिन्यांची असताना कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. लहानग्या रमेस वेताच्या पेटाऱ्यात ठेवून डोक्यावरून नेण्यात आले. तेव्हापासून घर असे या कुटुंबास राहिले नाही. देवळांत पुराण सांगावे, श्रोते जे ठेवतील त्यावर निर्वाह करावा, आणि पुढच्या तीर्थाची वाट धरावी. या भटकंतीतच मातोश्रींनी मुलीस शिकविले. बाराव्या वर्षाच्या सुमारास भागवताचे अठरा हजार श्लोक तिला मुखोद्गत होते असे सांगतात.

पुढे मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. पुराण ऐकण्यास कोणी येईना, दक्षिणा कोणी देईना. शास्त्रीबोवा वृद्ध व अंध झाले होते. अंगमेहनतीचे काम या कुटुंबास येत नव्हते, आणि उच्च कुळातल्या माणसाने ते करणे कमीपणाचे, ही समजूत मनात घट्ट बसली होती. होते नव्हते ते भांडे, दागिना, वस्त्र विकून झाले. मग देवास प्रसन्न करून घेण्यासाठी उपवास, दाने, प्रदक्षिणा यांत उरलेला पैसाही गेला. शेवटी तिरुपतीच्या बाजूच्या रानात मंडळी शिरली, आणि अकरा दिवस व अकरा रात्री झाडाची पाने, पाणी व मूठभर रानखजूर यांवर त्यांनी काढल्या. जलसमाधी घेण्याचा निश्चय वडिलांनी केला होता. तेव्हा थोरला मुलगा श्रीनिवास पुढे झाला व म्हणाला, की अभिमान बाजूस ठेवून मी मजुरी करीन. हा निश्चय फार उशिरा झाला. अंध पित्याने आपल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीस जवळ घेऊन, तू सदैव सन्मार्गाने चाल व देवाचीच सेवा कर, अशा आशयाचा अखेरचा उपदेश केला आणि प्राण सोडला. काही महिन्यांत मातोश्रीही गेल्या. थोडक्या काळाने थोरली बहीण कृष्णाबाई पटकीने गेली.

आईच्या वेळची गोष्ट रमाबाई आयुष्यभर विसरल्या नाहीत. प्रेत उचलण्यास माणसे मिळेनात. कसेबसे दोघे तयार झाले; उरलेल्या दोन खांद्यांच्या जागी मुलगा व मुलगी. स्मशान तीनएक मैल दूर. रमेची उंची इतकी कमी, की तिरडीचा दांडा खांद्यावर न येता तो तिला डोक्यावर धरून चालावे लागले.

राहिली ती दोन भावंडे. त्यांनी पायी हिंदुस्थान तुडविले. सारी चाल चार हजार मैलांहून अधिक भरली असे रमाबाईंनीच पुढे लिहून ठेवले आहे. मूठभर धान्य पाण्यात भिजवून मिठाशी खावे, रानातली बोरे आठळ्यांसकट गिळावी, असे दिवस होते. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीत अंगावर पुरेसे पांघरूण नाही, म्हणून वाळूत दोन खड्डे खणून भावंडांनी त्यांत निजावे व डोके तेवढे बाहेर ठेवून कोरडी वाळू अंगावर ओढून घ्यावी! या सर्व भ्रमंतीत शास्त्रोक्त असे कोणतेही व्रत त्यांनी बाकी ठेवले नाही. परंतु ज्या श्रद्धेने वडील निघाले होते, ती मुलांच्या मनातून वाटेवर कोठेतरी गळून पडली. ही गोष्ट आम्ही येथे कोणाच्या धर्मास उणे लेखण्यासाठी लिहीत नाही; रमाबाईंनी ती प्रामाणिकपणे नमूद केली आहे, म्हणून लिहितो. भूक माणसाचे पोट जसे रिकामे करते, तसे कधी कधी मनही रिकामे करते.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली आणि भाग्य पालटले. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृत बोलते हे पाहून तेथील विद्वान चकित झाले. परीक्षा घेऊन त्यांनी तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. याच शहरात ख्रिस्ती मंडळींच्या एका मेळाव्यात तिला संस्कृत भाषेतील पवित्र शास्त्राची प्रत भेट मिळाली. तिने ती उघडून पाहिली, परंतु ती वाक्यरचना तिला इतकी परकी वाटली, की पुस्तक बाजूस पडले. ज्या ग्रंथासाठी पुढे त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे दिली, त्याची पहिली भेट अशी कोरडी झाली, याची आम्हांस मौज वाटते.

सुख टिकले नाही. १८८० साली श्रीनिवासशास्त्री वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर ब्राह्मण नव्हता, म्हणून टीका झाली. बाईंनी तिची पर्वा केली नाही. आसामकडे सिल्चर येथे संसार मांडला, १८८१ च्या एप्रिलात मनोरमा ही कन्या झाली. पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली, ती त्यांनी आवडीने वाचली, तेथील एका मिशनऱ्याकडून अधिक समजावून घेतले. पतीस ते रुचले नाही. इतक्यात ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीच्या विकाराने मेधावींचा अंत झाला. विवाहास पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. चोवीस वर्षांच्या वयात आई, बाप, बहीण, भाऊ व पती अशी पाच जवळची माणसे रमाबाईंनी मृत्यूच्या स्वाधीन केली होती, आणि हातात दहा महिन्यांचे मूल होते.

त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे प्रभृती सुधारक मंडळींनी त्यांचे स्वागत केले. आर्य महिला समाजाची स्थापना, ‘स्त्रीधर्मनीती’ हे पुस्तक, शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढील साक्ष, ही सारी १८८२ या एकाच वर्षातील कामे. साक्षीत त्यांनी स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची निकड मांडली. स्वतः वैद्यकी शिकावी असे मनात आले, आणि १८८३ च्या एप्रिलात त्या मुलीला घेऊन विलायतेस निघाल्या. इंग्लंडात वाँटेज येथील धर्मभगिनींच्या आश्रमात त्या उतरल्या. सोबत आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. परक्या देशात काही महिन्यांतच या मैत्रिणीचा अत्यंत दुःखद रीतीने अंत झाला. वैद्यकीचा बेतही तडीस गेला नाही, कारण बाईंची श्रवणशक्ती मंद होत चालली होती.

अशा मनःस्थितीत धर्मभगिनींनी त्यांना लंडनमधील फुलम येथे नेले. समाजाने टाकून दिलेल्या, वाईट मार्गास लागलेल्या स्त्रियांचे पुनर्वसन तेथे चाले. ज्यांच्या सावलीसही लोक उभे राहत नाहीत, त्यांची सेवा भल्या घरच्या बायका करतात, हे पाहून रमाबाई थक्क झाल्या. असे करावयास कोणी सांगितले, हा त्यांचा प्रश्न. उत्तरादाखल एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची हकीकत वाचून दाखविली : विहिरीवर आलेली एक कलंकित, परजातीची बाई, आणि तिच्याजवळ पाणी मागून तिच्याशी आदराने बोलणारा प्रभू. देशोदेशीच्या पंडितांशी वाद करणारी ही सरस्वती या एका साध्या गोष्टीपुढे नमली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. निराधार झालेली बाई परदेशी गोऱ्या लोकांच्या उपकाराखाली दबून गेली, असे चित्र काही लोक रंगवितात. वस्तुस्थिती निराळी आहे. धर्मसिद्धांतांविषयी त्यांनी आपल्या गुरुभगिनींशी वर्षानुवर्षे पत्रांतून वाद घातला. गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, ती संस्कृत का नसावीत, असा त्यांचा रोकडा सवाल होता. मांसाहार त्यांनी कधी स्वीकारला नाही, पोशाख पालटला नाही. ज्या स्वभावाने त्या धर्मशास्त्र्यांपुढे वाकल्या नव्हत्या, त्याच स्वभावाने त्या मिशनपुढेही वाकल्या नाहीत. गुरुभगिनींस त्या हट्टी वाटत, आणि आमच्या मते त्यांचे हे म्हणणे अगदीच निराधार नव्हते.

१८८६ साली आपल्या नात्यातील डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या व जवळजवळ तीन वर्षे तेथे राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये निघाले, बॉस्टनमध्ये साह्यकारी मंडळ स्थापन झाले, आणि त्या मंडळाने दहा वर्षे खर्च चालविण्याचे वचन दिले. परत येऊन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस त्यांनी शारदासदन उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास आले. बालविधवांसाठीची ही निवासी शाळा. गोदूबाई ही येथील अगदी पहिली विद्यार्थिनी. पुढे त्याच आनंदीबाई कर्वे म्हणून, महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या सहधर्मचारिणी म्हणून, प्रसिद्धीस आल्या.

सदनात धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, अशी अट होती व बाईंनी ती मानली होती. परंतु पहाटे त्या आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. शहरात गवगवा झाला, ‘केसरी’ने झोड उठविली, १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांसारख्या सल्लागारांनी संबंध सोडला, आणि पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. दार लावून घेतले असते तर संस्था वाचली असती, असे म्हणणारे तेव्हाही होते. आम्हांस दोन्ही बाजू समजतात. ज्या गृहस्थांनी आपल्या शब्दावर लोकांच्या लेकी तेथे पाठविल्या होत्या, त्यांचीही अडचण खरी होती. परंतु स्वतःच्या खोलीत देवाचे नाव लपून घ्यावे, हे या बाईंकडून होणारे नव्हते.

या वादळाच्या सुमारासच, १८९१ च्या आगेमागे, त्यांच्या अंतरंगात एक मोठा पालट घडला. एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र वाचताना त्यांच्या ध्यानी आले, की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला खरा, तो बुद्धीस पटला म्हणून स्वीकारला; परंतु ख्रिस्त स्वतः आपणास अद्याप भेटला नाही. बाप्तिस्मा होऊन आठ वर्षे लोटली होती! ही कबुली त्यांनी पुढे उघडपणे छापून प्रसिद्ध केली. आपल्या घरी जे धर्म वारशाने मिळालेली मुले आहेत, त्यांच्या वडीलधाऱ्यांनी या ठिकाणी क्षणभर थांबावे असे आम्हांस वाटते. यानंतरच्या रमाबाई निराळ्या दिसतात. दुःखे थांबली नाहीत. परंतु पूर्वी प्रत्येक आघाताबरोबर मनाचा जो आधार सुटत असे, तो आता सुटेनासा झाला.

अमेरिकन मंडळाची दहा वर्षे १८९८ मध्ये संपणार होती. पुढची तरतूद म्हणून त्यांनी केडगावास सुमारे शंभर एकर माळ विकत घेतला, फळझाडे लावली, विहिरी खोदल्या. बागेच्या उत्पन्नावर शारदासदन चालवावे इतकाच हेतू होता. देवाच्या मनात निराळे होते, असे त्या म्हणत असत.

१८९६ च्या अखेरीस मध्यप्रांतातील दुष्काळाच्या वार्ता पुण्यास आल्या. रमाबाईंजवळ पैसा नव्हता. आहे ती संस्थाच जेमतेम चालली होती. न जाण्यास सबळ कारण होते, आणि काही दिवस त्यांनी ते स्वतःस सांगून पाहिले. परंतु झाडपाला खाऊन काढलेले ते अकरा दिवस त्यांस स्वस्थ बसू देईनात. त्या निघाल्या. दुष्काळी छावण्यांत व अनाथगृहांत त्यांनी जे पाहिले, त्यात सर्वांत भयंकर होती तरुण मुलींची दशा. अन्नाच्या आमिषाने त्यांना पळविणारी माणसे छावण्यांभोवती घिरट्या घालीत होती. पहिल्या फेरीत साठ मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या, आणि काही महिन्यांत हा आकडा तीनशेंवर गेला. इतक्यात पुण्यात प्लेग उद्भवला. शहरात नवी माणसे ठेवण्यास मनाई झाली. तेव्हा सारा मेळा केडगावच्या उघड्या माळावर आला. तंबू व गवताच्या झोपड्या उभ्या राहिल्या. मुक्तिसदनाचा प्रारंभ हा असा झाला. याच प्लेगच्या काळात सरकारी व्यवस्थेत आपल्या एका मुलीची हेळसांड झाली, म्हणून १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रात त्यांनी कडक तक्रार छापली. तिचा बोभाटा विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेला. राज्यकर्ते ख्रिस्ती आहेत म्हणून बाईंनी लेखणी आवरली नाही.

१८९९-१९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार! पालकांपैकी ज्या गृहिणी दहा माणसांच्या घराचा स्वयंपाक करतात, त्यांनी हा आकडा मनात आणून पाहावा. रोजचे दळण, रोजचे पाणी, रोजचे सरपण. आणि आलेली माणसे धडधाकट नव्हती. हाडांचे सापळे, अंगावर खरूज व व्रण, कित्येकींच्या मनावरही परिणाम झालेला. कित्येक जणी अन्न समोर आल्यावरही वाचल्या नाहीत. शरीर ते पचविण्यापलीकडे गेलेले असे. ज्या वाचल्या त्यांना अंघोळ, वेणीफणी, शिस्त, अक्षरे या क्रमाने शिकवावे लागले. शिकविणाऱ्या कोण, तर त्यांच्या आधी वर्षभर तशाच स्थितीत आलेल्या मुली.

हळूहळू तो माळ एका गावासारखा झाला. शेती, गुरे व दुधाची व्यवस्था, तेलाचा घाणा, माग, शिवण, वेतकाम, धोबीकाम, छापखाना. शारदासदनाची शाळाही तेथेच आली. वाईट मार्गातून सोडविलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, वृद्ध व अपंग स्त्रियांसाठी प्रीतिसदन, मुलग्यांसाठी सदानंदसदन, आणि अंधांसाठी बार्तीमी सदन. यरीहोच्या वाटेवर प्रभूस हाक मारणाऱ्या त्या आंधळ्या भिकाऱ्याचे हे नाव. अंध मुलींना बोटांनी वाचावयास व हातांनी काम करावयास तेथे शिकविले जाई. आपला पिता शेवटी अंध झाला होता, आणि त्याची सेवा करण्यास हाती काही नव्हते, याची आठवण बार्तीमी सदनातून जाता-येता बाईंस होत असेल, असे आम्हांस राहून राहून वाटते. १९०५ साली तेथे प्रार्थनेची एक मोठी लाट आली, तिचा गाजावाजा देशोदेशी झाला. तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले असल्याने आम्ही येथे विस्तार करीत नाही.

अंगमेहनत हलकी मानल्यामुळे ज्या घराची अन्नान्नदशा झाली, त्या घरची ही मुलगी. म्हणून मुक्तिसदनात पुस्तकी विद्येइतकाच हातांच्या कामास मान होता, आणि प्रत्येकीस काही ना काही हस्तव्यवसाय शिकवूनच बाहेर पाठवावे असा बाईंचा आग्रह असे.

बारामती ही कविवर्य मोरोपंतांची भूमी. संस्कृत शब्दांचे अलंकार मराठीस पंतांइतके क्वचितच कोणी चढविले असतील. त्याच पंचक्रोशीत शंभर-सव्वाशे वर्षांनी संस्कृतातील या पंडितेने नेमके उलट करावयास घेतले. जात्यावर बसणाऱ्या बाईस पवित्र शास्त्र समजावे, म्हणून ते साध्या मराठीत नव्याने उतरविण्याचा त्यांनी संकल्प केला. त्यासाठी उतारवयात त्या इब्री व ग्रीक भाषा शिकल्या, आणि सुमारे अठरा वर्षे हे काम चालले. मंडळ्यांमध्ये हे भाषांतर सर्वत्र रूढ झाले नाही. मुळाशी अतिशय इमान राखल्यामुळे ते ठिकठिकाणी अवघडून चालते, हे आम्हांसही कबूल केले पाहिजे. परंतु संपूर्ण पवित्र शास्त्र मूळ भाषांवरून एका स्त्रीने एकटीने भाषांतरित केल्याचे दुसरे उदाहरण शोधूनही क्वचितच सापडेल.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. कान आता जवळजवळ निकामी झाले होते, प्रकृती ढासळली होती. सारा भरवसा मनोरमेवर होता. परदेशी शिकून आलेली ही कन्या शारदासदनाची मुख्याध्यापिका होती. गुलबर्ग्यासही तिने शाळा काढली होती. आईची ती उजवा हात होती, आणि पुढे सर्व संस्था तिने सांभाळावी हे ठरून गेले होते. १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई वारल्या. वय अवघे चाळीस.

तेव्हा रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. तिरडीचा दांडा डोक्यावर घेऊन निघालेल्या त्या मुलीच्या वाट्याला हा शेवटचा आघात आला. जुन्या करारातील ईयोबास शेवटी नवी मुलेबाळे व दुप्पट धन मिळाले, असे आपण वाचतो. रमाबाईंस तसे काही मिळाले नाही. त्या थोडे दिवस स्तब्ध राहिल्या. मग संस्थेची व्यवस्था दुसऱ्यांच्या हाती सोपविली, आणि मुद्रिते तपासण्यास पुन्हा बसल्या. काम थोडेच राहिले होते; तेवढे पुरे होईपर्यंत आयुष्य मिळावे, एवढेच त्या मागत. शेवटचे मुद्रित पाहून झाले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच त्यांचे देहावसान झाले.

ते पवित्र शास्त्र दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळविणारे, कागद ओढणारे व पाने शिवणारे हात मुक्तिसदनातील स्त्रियांचे होते. त्यांतील कित्येक जणींना दुष्काळातून उचलून आणले तेव्हा अक्षरओळखही नव्हती.